गोविंदरावांची पेटी

कोल्हापूर म्हटले की, कोणास तालमीतील लाल माती आठवते, कोणास अंबाबाईचे देऊळ आठवते, तर कोणास चित्रपटांचे जुने कारखाने. परंतु एक काळ असा होता की, या नगरीचे नाव गाण्याच्या मैफलींसाठीही दूरवर घेतले जाई. १८८३ साली येथील काही रसिकांनी गायनवादनासाठी एक क्लब काढला. पुढे तो देवल क्लब या नावाने सर्वांच्या तोंडी झाला. परगावचा गवई कोल्हापुरात उतरला म्हणजे त्याची बैठक क्लबात व्हायची, हे जणू ठरूनच गेले होते. १८९४ साली शाहू महाराज गादीवर बसले. मल्लांप्रमाणेच गवई, नट आणि चित्रकार यांनाही त्यांनी उदार आश्रय दिला. अशा या कोल्हापूरजवळ, सांगवडे या गावी, ५ जून १८८१ रोजी गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण व शिक्षण कोल्हापुरातच झाले.

आज गाणे ऐकण्यास काही कष्ट पडत नाहीत. त्या वेळी तसे नव्हते. नभोवाणीचा जन्म व्हावयाचा होता, आणि ग्रामोफोनची तबकडी आपल्या देशात अद्याप पोहोचली नव्हती. ज्याला गाणे ऐकावयाचे असेल त्याने गवयाच्या पुढ्यात जाऊन बसावे, आणि एकदा कानांवरून गेलेली तान ध्यानात राहिली नाही, तर ती कायमची गेली असे समजावे. त्यामुळे त्या काळच्या रसिकांचे कान मोठे तयार असत. गोविंदरावांचे सारे शिक्षण या कानांच्या वाटेने झाले. देवल क्लबातील बैठकी हीच त्यांची शाळा होती. आपल्याला शास्त्रोक्त संगीताची दीक्षा तेथे मिळाली, हे ऋण त्यांनी पुढे जन्मभर मानले.

मात्र या मुलाने हाती घेतलेले वाद्य असे होते की, ते पाहून जुने गवई नाक मुरडीत. ते वाद्य म्हणजे पेटी, अर्थात हार्मोनियम.

पेटी मूळची आपल्याकडील नव्हे. १८४२ साली पॅरिस शहरात अलेक्झांडर दबाँ या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. युरोपात ती पायाने भाता मारून वाजवीत. पाद्री लोक आणि साहेब यांच्याबरोबर ती हिंदुस्थानात आली. आपले वादक मांडी घालून बैठकीवर बसणारे. तेव्हा खुर्चीवर बसून पाय चालविण्याची रीत त्यांना कशी मानवावी? म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारता येईल अशी लहान, आटोपशीर पेटी तयार केली. ही पेटी पाहता पाहता देशभर पसरली. कीर्तनकाराने ती उचलली, भजनी मंडळाने उचलली, नाटक मंडळ्यांनी तर तिला आपल्या बिऱ्हाडातच घेतले. ती शिकण्यास सोपी असते, तिच्या तारा उतरत नाहीत आणि पावसाळ्यात तिचे कातडे मऊ पडत नाही. गाणाऱ्यास सूर धरून देण्याचे काम ती इमानाने करते.

मग जुन्या गवयांची तक्रार कोणती होती? ती समजून घेण्यासाठी पेटीच्या पोटात डोकावले पाहिजे. आत पितळेच्या पातळ जिभांची एक ओळ असते. पट्टी दाबली की त्या जिभेखालचे छिद्र उघडते, भात्यातील हवा जोराने बाहेर पडते आणि जीभ थरथरू लागते. या थरथरीचाच स्वर होतो. एका जिभेचा एकच स्वर. सा दाबला की सा, रे दाबला की रे. दोहोंच्या मधल्या जागेत पेटीला पाऊल टाकता येत नाही. आपल्या गायनाचे सौंदर्य तर बहुतांशी त्या मधल्या जागेतच असते. गवई षड्जावरून गंधारावर जातो तो उडी मारून नव्हे, घसरत, जणू रेशमाच्या धाग्यावरून उतरावे तसा. याला मींड म्हणतात. सारंगीवाल्याचे नख तारेला भिडून सरकू लागले की ही मींड अगदी गळ्यातल्यासारखी निघते. पेटीला ती जमत नाही.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे. विलायती पद्धतीत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडून स्वर लावलेले असतात. आपल्या तंबोऱ्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, त्याहून पेटीचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो. सामान्य श्रोत्यास हा फरक जाणवणार नाही. परंतु ज्याचे आयुष्य तंबोऱ्याजवळ गेले त्याच्या कानांस तो खड्यासारखा बोचतो. तेव्हा जुन्या गवयांचे म्हणणे निव्वळ हेक्याचे होते असे म्हणता येणार नाही. ते परक्या वाद्याला नावे ठेवीत, पण त्यांची नावे ठेवण्यामागे कानांचा पुरावा होता.

गोविंदरावांना कोणी पेटीचा गुरू केला नव्हता. ते स्वतःच्याच प्रयत्नाने वाजवू लागले. पेटीत मींड नाही हे त्यांनाही कळत होतेच. मग त्यांनी काय करावे? बोटे पट्ट्यांवरून इतक्या हलकेपणाने फिरवावयाची की, एक स्वर संपतो कोठे आणि दुसरा सुरू होतो कोठे हे श्रोत्यास कळू नये. मूळ स्वराला शेजारच्या स्वराचा ओझरता कण लावावयाचा. भाता एकसारखा धापा टाकीत मारावयाचा नाही. गवई जसा श्वास राखून ठेवतो, तसा तो राखावयाचा, म्हणजे स्वर उमलताना हळू होतो, मध्ये भरतो आणि शेवटी विरतो. चांगली पेटी वाजविणाऱ्यांची सारी करामत यातच असते. पट्ट्या कोणालाही दाबता येतात. भात्याचा श्वास मात्र फार थोड्यांना साधतो. गोविंदरावांना तो असा साधला की, त्यांची पेटी गाते असे लोक म्हणू लागले.

याच काळात त्यांच्या आयुष्यात भास्करबुवा बखले आले. भास्करबुवांचा जन्म १८६९ सालचा, बडोदे संस्थानातील कठोर या गावचा. लहानपणी गोड गळ्यामुळे ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गाजले. परंतु वय वाढताच आवाज फुटला आणि मंडळीतील मानमरातब गेला. तेव्हा मुळापासून विद्या शिकावयाची असा निर्धार करून हा तरुण बाहेर पडला. बडोद्यास फैज महंमदखाँ यांच्याजवळ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थनखाँ यांच्याजवळ आणि शेवटी अल्लादियाखाँ यांच्याजवळ, अशी तीन ठिकाणी त्यांनी विद्या मिळविली. तीन नद्यांचे पाणी एका पात्रात यावे तसे त्यांचे गाणे झाले होते. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज ही संस्था त्यांनीच स्थापन केली.

गोविंदराव त्यांच्या साथीस बसू लागले. साथीचे काम वरवर पाहता गौण वाटते. गवई मध्ये बसतो, टाळ्या त्यास मिळतात, पेटीवाला बाजूस. पण या कामातील अवघडपणा ध्यानात घेण्याजोगा आहे. आपला गवई लिहून आणलेले गात नाही. तो कोणती तान घेणार आहे हे पुष्कळदा त्यालाही आधी ठाऊक नसते. पेटीवाल्याने ती तान निघत असतानाच ओळखावयाची, बोटांनी तिच्या पाठोपाठ जावयाचे, आणि गवई श्वास घेण्यास थांबला की ती पोकळी भरून काढावयाची. तीही अशी की, गवयाच्या मनातील रागाच्या चित्राला धक्का लागता कामा नये. पुढे पुढे केले तर गवई रागावतो. मागे राहिले तर गाणे लंगडे होते. भास्करबुवांसारख्या तीन घराण्यांच्या वाटा तुडविलेल्या गवयाची साथ करणे म्हणजे तर दररोज नवी परीक्षाच होती.

आणि ही परीक्षा हेच गोविंदरावांचे शिक्षण झाले. समोर बसून, बुवा एक पलटा सांगत आहेत आणि शिष्य तो घोकीत आहे, अशी रीतसर तालीम त्यांना मिळाली नाही. तरीही त्यांनी बुवांनाच आपले गुरू मानले. ज्याच्या सावलीत बसून आपण हजारो ताना बोटांत उतरविल्या, तो गुरू नव्हे तर कोण?

दुसरा मोठा संस्कार अल्लादियाखाँ यांचा. खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा येथे झाला. तरुणपणी एका संस्थानिकाच्या दरबारी दिवसचे दिवस अविश्रांत गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला, आणि पूर्वीचा मधुर, मोकळा आवाज त्यांना पुन्हा कधीच परत मिळाला नाही. गवयाचा गळा जाणे म्हणजे मल्लाचे हातपाय जाण्यासारखेच. परंतु खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवी गायकी घडविली. लय आणि स्वर यांची त्यात अशी काही वेलबुट्टीची वीण असे की, ऐकणाऱ्याने सावध राहावे. अनवट, म्हणजे क्वचितच ऐकू येणारे राग ते सहज गात. सुमारे १८९५ मध्ये ते शाहू महाराजांच्या आश्रयास कोल्हापूरला आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, ही नगरी त्यांचे घर झाली. त्या वेळी गोविंदराव चौदा-पंधरा वर्षांचे असतील. ज्या गावात असा गवई राहतो, त्या गावात वाढण्याचे भाग्य किती जणांस लाभते?

खाँसाहेबांजवळही गोविंदराव रीतसर शिकले नाहीत. पण त्यांचे गाणे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले, त्यावर विचार केला, आणि उतारवयात त्यांचे चरित्रही लिहिले. खाँसाहेबांच्या गायनात स्वराची ओळ तुटत नाही. एका श्वासात ती लांबच लांब फिरत राहते. भात्याच्या श्वासाची पारख असलेल्या पेटीवाल्याला या गुणाचे मोल इतरांपेक्षा अधिक कळले असेल, असे आम्हांस वाटते.

तिसरा संस्कार उत्तरेकडील ठुमरीचा होय. ठुमरी म्हणजे लहानसे, भावनेने ओथंबलेले गीत. त्यातील एकच शब्द गाणारा दहा तऱ्हांनी म्हणून दाखवितो. कधी रुसवा, कधी विनवणी, कधी थट्टा. ग्वाल्हेरचे भैय्या गणपतराव यांनी ठुमरीच्या साथीने पेटीला उत्तरेत मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. ख्यालाच्या भारदस्त बैठकीत पेटी पाहुणीसारखी अंग चोरून बसे. ठुमरीत मात्र ती घरच्यासारखी वावरे. पूरबकडील ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या, गझला यांचा गोविंदरावांना मोठा लळा लागला. चाली ऐकून त्या ध्यानात साठविण्याचा तर त्यांना छंदच होता. हा साठा लवकरच अशा ठिकाणी उपयोगी पडला की, त्यामुळे महाराष्ट्राच्या गाण्याची चवच पालटली.

१९१० च्या सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नवे नाटक बसवीत होती. नाटकाचे नाव 'मानापमान'. संगीत नाटकाची परंपरा त्यापूर्वी तीस वर्षांची होती. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून पदांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून, साकी-दिंडीतून, कानडी पदांतून घेण्याची वहिवाट होती. नाटककाराने एखादी लोकांच्या तोंडची चाल निवडावी आणि तिच्यावर शब्द बसवावेत, असे चाले. चाली देण्यासाठी म्हणून वेगळा संगीतकार बोलावण्याची प्रथा नव्हती. 'मानापमाना'साठी मात्र हे काम गोविंदरावांकडे आले. पेटीवाल्याकडे साऱ्या नाटकाचे संगीत सोपविणे हे धाडसच होते. नाटक पडले असते, तर दोष सर्वांनी त्यांच्याच माथी मारला असता.

गोविंदरावांनी आपला साठा उघडला. पूरबकडील ठुमरी-दादऱ्यांच्या खेळकर, मुरडत जाणाऱ्या चाली त्यांनी आणल्या. नव्या नाटकाची नायिका भामिनी ही श्रीमंत घरची, मानी मुलगी. आणि नायक धैर्यधर हा गरीब पण शूर सेनापती. संपत्तीच्या तोऱ्यात नायिका त्याचा अपमान करते आणि पुढे त्याच्या गुणांवर भाळते, अशी ती कथा. तेथे जुन्या चालींचा संथ, गंभीर डौल पुरा पडला नसता. रुसणे, टोचून बोलणे, मनातून विरघळणे या साऱ्यांसाठी ठुमरीची लवचीक चालच हवी होती. भामिनी झाले होते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत. बालगंधर्व तेव्हा तेविशीच्या आत होते. त्यांच्या गळ्यात या चाली पडल्या आणि जणू त्या गळ्यासाठीच जन्मल्या असाव्यात अशा शोभल्या. धैर्यधराचे काम नानासाहेब जोगळेकर यांनी केले.

पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे सर्वांच्या मनात आले. परंतु बालगंधर्वांनी तो करण्याचा आग्रह धरला, तोंडाला रंग लावला आणि भामिनी म्हणून ते रंगमंचावर उभे राहिले. ज्या मंडळींना ही हकीकत ठाऊक होती, त्यांनी ती हसरी, खेळकर पदे कोणत्या मनाने ऐकली असतील याची कल्पनाच केलेली बरी. नाटक अपूर्व यशस्वी झाले. 'मानापमाना'ची पदे मुंबई-पुण्याच्या घराघरांत गेली आणि तेव्हापासून नाटकाला स्वतंत्र संगीतकार असावा ही गोष्ट मराठी रंगभूमीवर रुजली. ठुमरीने मोकळी केलेल्या या वाटेने पुढे १९१६ साली 'स्वयंवर' नाटकात खुद्द भास्करबुवांनी ख्यालांच्या चाली आणल्या. या बाबतीत शिष्य पुढे आणि गुरू मागून, असे झाले.

यश आले की माणसाला नवे मनोरथ सुचतात. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आता गोविंदराव मालकांपैकी एक होते. बाजूला बसून साथ करणारा हा माणूस आता तोंडाला रंग लावून उजेडात आला आणि ज्या धैर्यधराची पदे त्याने स्वतः बांधली होती, तो धैर्यधर बालगंधर्वांच्या भामिनीसमोर स्वतःच गाऊ लागला. परंतु ही भागीदारी दोन वर्षेच टिकली. १९१५ साली गोविंदराव वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची कंपनी उभारली.

नाटक कंपनी चालविणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सहज कळणार नाही. पन्नास-साठ माणसांचा कबिला, त्यांचे जेवणखाण, पगार, आजारपण, गाडीभर पडदे आणि कपडे, गावोगावचे मुक्काम. एक नाटक पडले, एक पावसाळा लांबला, गावात प्लेगची साथ आली की, मालक कर्जात बुडालाच म्हणून समजावे. शिवराज मंडळीला गंधर्व मंडळीएवढे दीर्घ आयुष्य लाभले नाही. बालगंधर्वांची सोबत सोडल्याने गोविंदरावांच्या चालींना तसा गळा पुन्हा मिळाला नाही, असे म्हणणारे आहेत. त्यात तथ्य असावे. पण दुसऱ्याच्या साथीत सारे आयुष्य काढावयाचे नाही, ही ओढ त्यांच्या स्वभावातच होती. पेटीवादनातही त्यांनी पुढे तेच केले. साथ करणे सोडून ते पेटीची स्वतंत्र बैठक करू लागले. गवई नाही, शब्द नाहीत, केवळ पेटी. आणि तिच्यावर उभा राहणारा संपूर्ण राग. जिला गवई बाजूला बसू देण्यासही कुरकुरत, तिला त्यांनी बैठकीच्या मध्यावर आणून ठेवले.

'मानापमाना'चे नशीब मात्र फळफळतच राहिले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत या नाटकाचा एक आगळा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर. एकाचा गळा मधासारखा, दुसऱ्याचा तलवारीसारखा. संयुक्त मानापमान म्हणून हा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात, ऐन तारुण्यात वारले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधविलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्रास हळहळ वाटली.

गोविंदराव पन्नाशीला आले, तेव्हा जगात एक नवीच कला बोलू लागली होती. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली होती. प्रथम तिचे चित्रपट मुके असत. १९३१ साली हिंदुस्थानात पहिला बोलपट निघाला आणि मुक्या चित्रपटांचा काळ संपत आला. तेव्हा प्रभातने मराठीतून बोलपट काढण्याचे ठरविले. तो चित्रपट म्हणजे 'अयोध्येचा राजा'. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. सत्यवचनी हरिश्चंद्र राजाचे काम गोविंदरावांना मिळाले आणि चित्रपटाचे संगीतही त्यांच्याकडेच सोपविण्यात आले. तारामतीचे काम दुर्गा खोटे यांनी केले. नाटकात बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्री होत. येथे स्त्रीच स्त्रीच्या भूमिकेत उभी होती. वीस वर्षांत काळ किती पालटला होता!

त्या वेळी चित्रीकरणाच्या वेळीच गाणेही मुद्रित करावे लागे. आजच्यासारखे गाणे आधी एकाने गाऊन ठेवावे आणि दुसऱ्याने ओठ हलवावेत, अशी सोय नव्हती. नटाने अभिनय करता करता स्वतःच गावयाचे. साथीदारांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड राहून वाजवावयाचे. कोणाचा पाय वाजला, कोणी खोकला की सारे पुन्हा पहिल्यापासून. १९३२ साली हा चित्रपट प्रदर्शित झाला. तो मराठीतील पहिला बोलपट. तो हिंदीतही निघाला होता. मराठी चित्रपटाचा पहिला संगीतकार आणि पहिला बोलता नायक हे दोन्ही मान अशा रीतीने एकाच माणसाकडे गेले. त्यानंतर प्रभातच्या 'माया मच्छिंद्र' या चित्रपटातही त्यांनी मच्छिंद्रनाथाचे काम केले.

गोविंदराव लेखकही होते. 'पट-वर्धन', 'वरवंचना' ही नाटके त्यांनी लिहिली. 'महाश्वेता' आणि 'जयदेव' या संगीतिकाही रचल्या. पण आज त्यांचे जे लेखन वाचावेसे वाटते ते निराळेच आहे. १९३९ साली त्यांचे 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले नाही किंवा अगदी थोडेच झाले, असे कितीतरी गवई आज केवळ नावाने उरले आहेत. त्यांचे गाणे कसे होते हे सांगणारा जाणता साक्षीदार लागतो. भास्करबुवांचेच पाहा. १९२२ साली ते वारले, आणि त्यांच्या गळ्याची खूण आपल्याजवळ राहिलेली नाही. अशा वेळी वर्षानुवर्षे त्यांच्याजवळ बसून ताना टिपणाऱ्या माणसाने लिहिलेली पाने किती मोलाची ठरतात! गोविंदरावांचे कान फार मोठे होते आणि सुदैवाने त्यांना लेखणीही लाभली होती.

त्यांच्या साठीच्या सुमारास पेटीवर मोठे संकट आले. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला दाराबाहेर काढले. पेटीचे स्वर ठोकळेबाज आहेत, ती मींड देऊ शकत नाही आणि तिच्या संगतीने गाणाऱ्यांचे कान बिघडतात, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ ठाकुरांसारखे थोर पुरुषही पेटीच्या विरोधात होते. त्या वेळपर्यंत पेटी बहुतेक प्रत्येक बैठकीत रुळली होती. नभोवाणीच्या केंद्रावर मात्र गवयाला सारंगी किंवा व्हायोलिन घ्यावे लागे. व्हायोलिनही मूळचे विलायतीच, पण त्याच्या तारेवर बोट घसरविता येते. म्हणून त्यास मज्जाव नव्हता. गोविंदरावांनी आयुष्यभर ज्या उणिवेशी झगडा केला, त्या उणिवेवरच नेमके बोट ठेवण्यात आले होते. आक्षेप खोटे नव्हते. परंतु हेही खरे की, ज्यांनी गोविंदरावांची पेटी ऐकली होती, त्यांना ते आक्षेप ऐकताना पेटीची उणीव आठवत नसे, तिच्यावर फिरणारी ती बोटे आठवत.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, गोविंदरावांचे निधन झाले. नभोवाणीवरील बंदी तेव्हा चालूच होती. ती सैल होऊन पेटी पुन्हा केंद्रात शिरली ती १९७१ च्या सुमारास. कोल्हापुरात देवल क्लबाच्या वास्तूत आज जे रंगमंदिर आहे, त्यास गोविंदराव टेंबे यांचे नाव दिलेले आहे. तेथे गवई गावयास बसतो, मागे तंबोरे झणकारू लागतात, आणि बाजूला पेटीवाला भात्यावर हात ठेवून पहिल्या स्वराची वाट पाहत असतो.